‘तुला हामिदच मुलगा हवा होता ना?’

या वेळचं पत्र इंदूरचं आहे, लोकमान्य नगरातून. पत्र मोठं होतं, थोडक्यात देते. ताईंचा मुलगा आठवीत, इंग्लिश मीडियम. सुट्टीत मोबाइल कमी व्हावा आणि मराठी कानावर पडावी म्हणून ताईंनी घरीच सात-आठ मुलांचा वाचन ग्रुप सुरू केला, दर शनिवारी संध्याकाळी. पहिला विषय ठरवला ‘गरिबीत वाढणाऱ्या मुलांच्या गोष्टी’, तीन-चार गोष्टी वाचायच्या आणि तुलना करायची. पहिल्या शनिवारी प्रेमचंदांची ‘ईदगाह’ झाली, तीच, ईदच्या जत्रेत खेळणी-मिठाई सोडून हामिद नावाचा गरीब मुलगा रोट्या करताना हात भाजणाऱ्या आजीसाठी चिमटा आणतो ती, छान झाली. मग त्याच आठवड्यात मुलाने नव्या स्पोर्ट्स शूजसाठी हट्ट धरला आणि ताई बोलून गेल्या, ‘हामिदकडे बघ जरा, तीन पैसे होते त्याच्याकडे, तरी आजीचा विचार केला त्याने.’ मुलगा म्हणाला, ‘तुला हामिदच मुलगा हवा होता ना?’ आता तो ग्रुपमध्ये बसायला तयार नाही. म्हणतो सगळ्या स्टोरी सेम असतात, गरीब मुलगा, खूप चांगला मुलगा, शेवटी सगळे रडतात. ताईंचे प्रश्न असे, की पुढे कुठल्या गोष्टी घेऊ, तुलना नेमकी कशाची करायची, मुलांना एक दिवस पन्नास रुपयांत काढून बघायला लावू का, आणि घरी कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा याच वयाचा आहे त्याला ग्रुपमध्ये बोलवावं का, त्याला वाईट तर नाही वाटणार.

ताई, नमस्कार.

प्रश्न तुम्ही बरेच विचारलेत पण दोन दिवस झाले मुलाचं ते एकच वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. तेरा वर्षांच्या पोराने किती नेमकं पकडलंय बघा, गोष्ट आता आपल्याला मापायची पट्टी झाली आहे हे त्याला लगेच कळलं. ग्रुपमध्ये न बसण्याचं कारण गोष्टी नाहीत, ती पट्टी आहे.

म्हणून आधी शूजचं. शूज घ्यायचे की नाही हा घरातल्या बजेटचा विषय आहे, तो बजेट म्हणूनच बोला, या महिन्यात जमत नाहीये, दिवाळीला बघू, किंवा एवढ्या रुपयांपर्यंतचे घे, हे त्या वयात सगळं कळतं. त्यात हामिदला ओढू नका. आणि मुलाला सरळ सॉरी म्हणा, ‘त्या दिवशी हामिदचं नाव घेतलं ते माझं चुकलं’ एवढंच, त्याला पुढे ‘पण तू सुद्धा’ जोडायचं नाही. आपल्याकडे आईवडिलांनी मुलांना सॉरी म्हणायची फार सवय नाही, जड जातं, माहिती आहे मला, तरी म्हणा.

मी हे इतक्या ठामपणे का सांगतेय ते पण सांगते.

मी आठवीत होते, १९९२ चं साल, घर आमचं परदेशीपुऱ्याच्या बाजूला. इंदूरच्या कपडा मिलांचे तेव्हा वाईट दिवस चालू होते, हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि तिथल्या कामगारांच्या थकलेल्या पैशांचा निकाल लागायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, बत्तीस वर्षं, किती तरी माणसं त्या वाटेकडे डोळे लावूनच गेली. आमच्या वर्गात मिलवाल्या घरांतली बरीच मुलं होती. त्यातल्या एकाच्या वडिलांचं काम सुटलं, ते हातगाडीवर भाजी विकायला लागले आणि पोराला शाळेकडून पुस्तकं मिळाली, आत पहिल्याच पानावर जांभळ्या शाईचा गोल शिक्का, ‘निर्धन छात्र कोष’. हिंदीच्या तासाला ईदगाह चालू होती, आमच्या मॅडम वाचता वाचता थांबल्या, त्याला उभं केलं आणि म्हणाल्या, ‘ये देखो, ये है अपनी क्लास का हामिद’, कारण तो सकाळी वडिलांबरोबर मंडीत जाऊन मग शाळेत यायचा हे त्यांना कळलं होतं. टाळ्या वाजवायला लावल्या. मॅडम वाईट नव्हत्या हो, त्यांचे डोळे भरून आले होते. पण त्या दिवसापासून त्याचं नाव हामिद पडलं. ग्राउंडवर हामिद, पाण्याच्या टाकीजवळ हामिद, ए हामिद चिमटा आणला का. मी पण म्हणायचे.

पुढे एकदा माझं हिंदीचं पुस्तक घरी राहिलं म्हणून मी त्याचं मागून घेतलं. शिक्क्याच्या पानावर त्याने कॅलेंडरचा कागद खळीने चिकटवला होता, कडा इतक्या नीट बसवलेल्या की पुस्तक असंच छापून आलंय असं वाटावं. आणि पुढे ईदगाहची सगळी पानं दोऱ्याने शिवून टाकलेली. काळा दोरा, मोठे मोठे टाके, वरून खालपर्यंत. मी पुस्तक परत दिलं, काही बोलले नाही, त्यानेही काही विचारलं नाही. परीक्षेत त्या धड्यावरचा प्रश्न त्याने सोडून दिला होता हे मला नंतर कळलं.

इतकी सुंदर गोष्ट, आणि ती एका मुलाने शिवून बंद केली, कारण आम्ही सगळ्यांनी मिळून ती त्याच्या कपाळावर चिकटवली होती. तुमचा मुलगा वेगळ्या घरातला आहे, त्याला शूज मिळतीलही, पण ‘मी नाही बसणार ग्रुपमध्ये’ म्हणजे तेच टाके आहेत, ताई. म्हणून घाई करते आहे.

आता गोष्टींकडे येऊ. ‘सगळ्या सेम असतात’ या मुलाच्या म्हणण्याला हसून सोडू नका, त्यालाच ग्रुपचा प्रश्न करा. त्याला म्हणा, बरं, सेम आहेत असं तू म्हणतोस ना, मग चार गोष्टी वाचून तूच दाखव. आणि वाचताना कोण किती चांगला, कोण किती दुःखी, कोणाची गरिबी जास्त असलं काहीही विचारायचं नाही, त्याने गोष्टी मरतात. विचारायचं ते एवढंच, की या मुलाला स्वतःसाठी काय हवं आहे? स्वतःसाठी, आजीसाठी नाही, आईसाठी नाही. आणि हे सगळं आपल्याला सांगतंय कोण? या दोन प्रश्नांवर तुमचे चार शनिवार आरामात निघतील.

ईदगाहच परत घ्या, त्या दोन प्रश्नांनी, आणि या वेळी बोर्डवर पैसे मांडत जा. जुना हिशोब मुलांना माहीत नसतो, चार पैशांचा एक आणा, सोळा आण्यांचा रुपया, म्हणजे रुपयात चौसष्ट पैसे. हामिदच्या मित्रांपैकी महमूदकडे बारा पैसे आहेत, मोहसिनकडे पंधरा. हामिदकडे तीन, म्हणजे पुरता एक आणासुद्धा नाही. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या आधीचं. अमीनाने, म्हणजे हामिदच्या आजीने, कुणाचे तरी कपडे शिवून आठ आणे कमावले होते, ईदसाठी जपून ठेवले होते, त्यातले गवळणीच्या हिशोबात गेले आणि घरात उरले फक्त दोन आणे. आठ पैसे. त्यातले तीन हामिदच्या खिशात, पाच तिच्या बटव्यात. ईदचा दिवस, घरात एकूण आठ पैसे, आणि म्हातारी त्यातले तीन पोराला जत्रेत उडवायला देते! मुलांना हे फळ्यावर दिसलं ना की चिमटा वेगळाच दिसायला लागतो. चिमटा आकाशातून पडलेला नाही, तो एका म्हातारीने आधी दिलेल्या तीन पैशांचं उत्तर आहे. वर्षानुवर्षं आपण चिमट्याचं कौतुक करतो आणि बटव्यातल्या पाच पैशांकडे कुणी बघत नाही.

मग हामिदला स्वतःसाठी काय हवंय ते शोधा. भरपूर सापडेल. पैशाला पंचवीस चक्कर देणारा झुला आहे, त्यावर तो बसत नाही कारण एक पैसा म्हणजे त्याच्या खजिन्याचा तिसरा हिस्सा. मातीची खेळणी दोन-दोन पैशांना आहेत. हामिद त्यांना नावं ठेवतो, मातीची तर आहेत, पडली की चक्काचूर, पण डोळे तिथेच अडकलेत आणि हात शिवशिवतायत, एकदा नुसतं हातात घ्यायला मिळालं तर. मोहसिन त्याला रेवडी देतो म्हणून हात पुढे करायला लावतो आणि रेवडी स्वतःच्या तोंडात टाकतो, बाकीचे टाळ्या पिटतात. हे वाचताना घाई करू नका ताई, थांबा तिथे जरा, या वयाच्या मुलांना त्या रेवडीबद्दल खूप बोलायचं असतं, प्रत्येकाच्या वाट्याला अशी एखादी रेवडी आलेली असते.

आणि चिमटा घेतल्यावर हामिद काही संत होऊन गप्प बसत नाही. दुकानदार सहा पैसे म्हणतो, मग शेवटचे पाच म्हणतो, हा छातीठोक तीन म्हणतो आणि तीनलाच घेतो. बाहेर येऊन बंदुकीसारखा खांद्यावर टाकतो आणि काय वाद घालतो! बाकीच्या पोरांचे मातीचे सिपाही, भिश्ती, वकील सगळ्यांना गार करतो, माझा चिमटा म्हणजे रुस्तम-ए-हिंद. वाद घालताना तो थोडी दादागिरी पण करतो, काही मुद्दे तर निव्वळ रेटून नेतो, पण जिंकतो. मग पोरं मऊ पडतात, म्हणतात दे ना जरा चिमटा बघायला, आणि बदल्यात आपापली खेळणी त्याच्या हातात देतात. म्हणजे जे त्याला सकाळपासून हवं होतं, ती खेळणी फक्त एकदा हातात घ्यायला, ते त्याला मिळालं. हे वाक्य गोष्टीत आहे आणि शाळेत मला कुणीही दाखवलं नव्हतं. तुमच्या मुलाला ते स्वतः सापडू द्या, तुम्ही बोट ठेवू नका.

(नमाजचा भागही सोडू नका. ईदगाहवर रांगेत कुणाचा पैसा, कुणाचा हुद्दा बघत नाहीत, सगळे एकदम वाकतात एकदम उठतात, प्रेमचंदांनी लाखो दिवे एकदम लागावेत आणि विझावेत तसं म्हटलंय, आणि तिथून चार पावलांवर मिठाईची दुकानं लागतात आणि पंधरा पैसेवाला वेगळा, तीन पैसेवाला वेगळा. एवढ्या जवळजवळ ठेवलंय दोन्ही.)

दुसऱ्या शनिवारी जयशंकर प्रसादांची ‘छोटा जादूगर’ घ्या, छोटी आहे, एका बैठकीत होते. ईदगाहशी जोडी मस्त जमते कारण दोन्हीकडे जत्रा आहे, दोन्हीकडे खिसा रिकामा आहे, आणि मुलगे अगदी वेगळे. कलकत्त्याच्या कार्निव्हलमध्ये सांगणारा साहेबमाणूस एका तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला बघतो, फाटका कुर्ता, खिशात पत्ते. वडील देशासाठी जेलमध्ये, आई आजारी. साहेब म्हणतो आई आजारी आणि तू तमाशा बघत फिरतोस? तर पोरगं म्हणतं, बघायला नाही दाखवायला निघालोय, आणि मला सरबत पाजण्यापेक्षा माझा खेळ बघून पैसे दिले असते तर जास्त बरं वाटलं असतं. बघा आता. हा मुलगा दया नको म्हणतोय, कामाचे पैसे दे म्हणतोय. पुढे भेटतो तेव्हा साहेब त्याला ‘ए मुला’ अशी हाक मारतो तर तो लगेच टोकतो, छोटा जादूगर म्हणा, हेच माझं नाव आहे, यावरच माझं पोट आहे.

मला दर वेळी इथे आमच्या वर्गातला तो मुलगा आठवतो. त्याला नाव आम्ही दिलं होतं. या मुलाने स्वतःचं नाव स्वतः ठेवलंय आणि समोरच्याकडून ते म्हणवून घेतो.

आणि तुमच्या मुलाच्या ‘खूप चांगला मुलगा’ला उत्तर इथेच आहे. साहेबाची बायको त्याला एक रुपया देते, साहेब विचारतो याचं काय करशील, तर तो म्हणतो, आधी पोटभर भजी खाणार, मग एक सुती कांबळं घेणार. कांबळं आईसाठीच, पण भजी आधी! भूक लागलेला मुलगा असाच बोलेल ना. मला तर या पोराचं ते ‘आधी भजी’ हामिदच्या चिमट्याइतकंच प्रिय आहे. आणि साहेब काय करतो, त्याला राग येतो. मग स्वतःचाच राग येतो, की एका पोराला रुपया मिळाला तर माझ्या पोटात का दुखलं. मोठ्या माणसाने कबूल केलेलं हे वाक्य फार मोलाचं आहे, आपल्या ग्रुपमधल्या आईवडिलांनीही ऐकावं असं. शेवट दुःखद आहे, साहेब त्याला मोटारीतून झोपडीपर्यंत नेतो आणि आई जाते. यावर जास्त चर्चा करू नका, वाचून थोडा वेळ गप्प बसलात तरी चालेल.

तिसरी चेखवची ‘वान्का’, १८८६ सालची. रशियातली आहे म्हणून बिचकू नका, मुलांना सगळ्यात जास्त हीच लागेल. नऊ वर्षांचा अनाथ वान्का, गावाकडून मॉस्कोला एका चांभाराकडे काम शिकायला ठेवलाय, तीन महिने झालेत. ख्रिसमसच्या आदल्या रात्री मालक-मालकीण चर्चमध्ये गेलेत तेवढ्यात तो गुडघे टेकून, बाकावर चुरगळलेला कागद ठेवून आजोबांना पत्र लिहितो, मला इथून घेऊन जा. मालकाचं मूल झोपवताना डोळा लागला म्हणून पट्ट्याने मारलं. मासा साफ करायला सांगितला, मी शेपटीकडून सुरुवात केली तर मालकिणीने माशाचं तोंड माझ्या तोंडावर घासलं. असं सगळं लिहीत असतानाच मध्येच आजोबांना सांगतो, मोठ्या घरी ख्रिसमस ट्री लावतील ना तेव्हा माझ्यासाठी एक सोनेरी अक्रोड मागून घ्या आणि हिरव्या पेटीत ठेवा, वान्कासाठी आहे म्हणून सांगा. मार खाणाऱ्या, उपाशी, झोप न झालेल्या मुलाला सोनेरी अक्रोड हवाय! मी ही गोष्ट कितीदा वाचली असेल, तरी त्या अक्रोडापाशी आवाज जातो माझा.

मग तो पत्र पाकिटात घालतो, पाकीट आदल्या दिवशी एक कोपेक, म्हणजे तिथला एक पैसाच, देऊन आणलेलं, आणि पत्ता लिहितो, ‘गावी, आजोबांना’. थोडा विचार करतो, डोकं खाजवतो, आणि आजोबांचं नाव टाकतो, कोन्स्तान्तिन माकारिच. बस, झाला पत्ता. पळत जाऊन पेटीत टाकतो आणि घरी येऊन गोड झोपतो. आता मुलाला विचारा, शेवटी सगळे रडतात म्हणालास ना, इथे कोण रडतंय? पत्र लिहिताना वान्काला एकदा हुंदका येतो, पण शेवटी कुणीच नाही. वान्का तर खूश आहे. पत्र पोचणार नाही हे फक्त वाचणाऱ्याला माहीत आहे. ईदगाहमध्ये म्हातारी रडते तेव्हा आपलं ओझं ती उचलते, रडून आपल्याला पण हलकं वाटतं. चेखव ते ओझं आपल्याच हातात ठेवून निघून जातो. ‘सेम’ नाहीयेत या, अजिबात सेम नाहीयेत, आणि हे त्याला तुम्ही सांगायची गरजच पडणार नाही. हामिदजवळ तीन पैसे होते पण ते देणारी आजी होती. वान्काजवळ एक कोपेक होता, त्याचं पाकीट घेतलं, आणि ते पाकीट जायला कुठे जागाच नाही.

सांगणारा कोण हा प्रश्न इथे सगळ्यात छान कळतो. ईदगाह सांगणारा लेखक मुलांच्या बाजूबाजूने चालतो, त्यांच्या गप्पा ऐकतो, मध्येच हामिदच्या पोटात शिरतो. छोटा जादूगर साहेबाच्या डोळ्यांतून आहे, म्हणून त्या मुलाच्या मनातलं आपल्याला कळत नाही, तो जेवढं बोलेल तेवढंच. वान्कात अर्धी गोष्ट मुलाच्या स्वतःच्या हातची आहे, पत्रच आहे ते. ग्रुपमध्ये कुणाला लिहायची आवड असेल तर छोटा जादूगर त्या मुलाच्या बाजूने लिहायला सांगा, साहेब कसा दिसतो त्याला, एवढंच, एक पान. हे छान निघेल असं वाटतंय.

मराठीतलं काय घेऊ, तर ‘श्यामची आई’ घरोघरी असतंच, साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, बेचाळीस रात्रींचं. ते कथासंग्रह नाही पण एकेक रात्र सुटी वाचता येते. त्यातली बंधुप्रेमाची रात्र घ्या, श्याम शिकायला बाहेर राहतो, खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो आणि पावसापाण्यातून चालत घरी आणतो. घरचे आधी विचारतात की पैसे आणलेस कुठून, चोरीबिरी नाही ना केलीस. हामिदलाही आधी ओरडाच बसतो ना, सकाळपासून खाल्लं नाही प्यायलं नाही आणि हे काय लोखंड उचलून आणलंस. गरीब घरात अचानक वस्तू आली की आनंदाच्या आधी भीती येते, दोघांनी हे अगदी बरोबर लिहिलंय. फरक एवढाच की श्याम मोठा झाल्यावर स्वतः सांगतोय, आई गेल्यावर सांगतोय, त्यामुळे सगळं जरा देवघरातल्या उजेडात दिसतं. मुलांना ते थोडं गोड वाटेल, वाटू द्या, बोलू द्या तसं.

माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधलं ‘झेल्या’ पण मिळालं तर बघा, ते मास्तरच्या तोंडून आहे. आणि बाबूराव बागुलांची ‘आई’ आधी तुम्ही एकट्या वाचा. त्याची सुरुवात वर्गात होते, मास्तर आईवरची कविता शिकवतायत आणि पांडू नावाचा मुलगा त्यात हरवून गेलाय. पुढे त्याच्या आईबद्दल मुलं जे बोलतात ते त्याला आतून फाडून टाकतं, आणि शेवटी तो आईवरच उलटतो. तिथे चिमटा नाही, कोट नाही, गरिबी आणि जात मिळून मायलेकरांच्या मध्येच घुसतात. आठवीला जड जाईल, अजून दोन-तीन वर्षांनी द्या. पण तुम्ही वाचा, कारण ती वाचल्यावर ‘गरिबीत मुलं समजूतदार होतात’ हे वाक्य तुमच्या तोंडून परत सहज निघणार नाही.

भाषेचं टेन्शन घेऊ नका. आपल्या इंदूरची मुलं हिंदी फडाफड वाचतात आणि मराठी अडखळत, तर ईदगाह आणि छोटा जादूगर मूळ हिंदीतूनच वाचा, चर्चा मराठीत करा. त्यातच गंमत आहे, ‘चिमटा’ तर दोन्हीकडे चिमटाच आहे. पुस्तकांसाठी रीगलजवळच्या अहिल्या लायब्ररीत मुलांना घेऊन जा, शोधू द्या त्यांनाच.

पन्नास रुपयांत दिवस काढायचा तो प्रयोग मात्र करू नका, मला तो अजिबात पटला नाही. संध्याकाळी घरी येऊन पोहे खायचे हे ज्याला माहीत आहे त्याला पन्नास रुपयांत काही कळत नाही, उलट आपण एक दिवस केलं म्हणजे कळलं असं वाटतं, ते जास्त वाईट. अमीनाचे पाच पैसे बोर्डवर लिहून विचारा, उद्या सकाळी ती काय करेल. त्यावर मुलं पुष्कळ बोलतील.

आता मावशींचा मुलगा. बोलवा, नक्की बोलवा, पण आधी मावशींना आणि त्याला विचारून, आणि ‘गोष्टी वाचतो आम्ही, येतोस का’ एवढंच सांगून. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, ‘त्याच्यामुळे आमच्या मुलांनाही खरी परिस्थिती कळेल’. ताई, ती ओळ काढून टाका मनातून. तो तुमच्या मुलांना परिस्थिती शिकवायला येणार नाहीये, गोष्टी ऐकायला येणार आहे. त्याच्याकडे बघून वाचू नका. ‘तुमच्याकडे पण असंच असतं का रे’ हा प्रश्न कुणी विचारला, मग ती तुमची मुलं असोत की दुसऱ्या कुणाची आई, तर तिथल्या तिथे विषय बदला. शक्य असेल तर तो यायला लागल्यावरचे पहिले दोन शनिवार गरिबीचा विषयच बाजूला ठेवा, भुताची गोष्ट घ्या, क्रिकेटची घ्या, शिकारीची घ्या, आणि एकदा गोष्ट निवडायचं काम त्याला द्या. मग वान्कावर या. त्याला काही बोलावंसं वाटलं तर बोलेल, नाही वाटलं तर नाही, तुमचा मुलगाही प्रत्येक गोष्टीवर बोलतो असं थोडंच आहे. खायचं सगळ्यांना एका वेळी, एकसारख्या प्लेटमध्ये, आणि मावशी त्या वेळी घरात कामाला असतील असं ठेवू नका, आई आत भांडी घासतेय आणि मुलगा बाहेर गरिबीवर चर्चा करतोय ही वेळ त्या पोरावर आणू नका. शनिवारची त्यांची वेळ सकाळची करून टाका.

आणि पुस्तक घरी न्यायची वेळ आली की त्यालाही द्या. वहीत सगळ्यांची नावं लिहिता तसंच त्याचं लिहा, कोणतं पुस्तक, कोणत्या तारखेला परत, आणि उशीर झाला तर बाकीच्यांना ओरडता तसंच त्यालाही ओरडा. पुस्तक जुनं असेल, तुमच्याकडेच राहू दे म्हणायचा मोह होईल, तर म्हणू नका, परत घ्या. पुढच्या शनिवारी तेच पुस्तक तुमचा मुलगा नेईल.